बधिर पायांसाठी मोजे कोणते घ्यावेत? (सासूबाईंसाठी विचारते आहे)

कऱ्हाडकरीण :

नमस्कार. सासूबाईंसाठी मोजे घ्यायचे आहेत. वाचायला सोपं वाटतं, मलाही तसंच वाटलं होतं.

आई ६९ वर्षांच्या. साखर सोळा-सतरा वर्षं जुनी, हल्ली इन्सुलिन सुरू आहे. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळपायाला नायलॉनचा एक जाडसर दोरा ठिकठिकाणी टेकवला. लागला की 'हो' म्हणायचं. अंगठ्याखाली, चवड्यावर, करंगळीच्या मुळाशी दोरा वाकेपर्यंत टेकवला तरी आई गप्प. आणि मधेच, दोरा हवेत असताना, 'हो, लागला' म्हणाल्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहिलं : अनवाणी फिरू नये, घरातही नाही. मोजे वापरावेत. कोणते ते लिहिलं नाही, आणि बाहेर एवढी गर्दी होती की माझं विचारायचं राहूनच गेलं.

आता घरची कथा. आई पहाटे अंगण झाडून सडा घालतात, अनवाणीच. पूजा अनवाणी. स्वयंपाकघरात चप्पल घालायची कल्पनाच त्यांना सहन होत नाही. बाहेर जायची चप्पल अंगठ्याची. पायात लग्नातली जोडवी, बोटं जाड झाल्यामुळे आता निघत नाहीत. मोजे त्यांनी आयुष्यात फक्त महाबळेश्वरला घातलेत.

ह्यांचा ऑफिसच्या मोज्यांतला एक कोरा जोड दिला घालायला. संध्याकाळी मी स्वतः काढला तर नडगीभोवती वळ उठलेला. बोट फिरवलं तर खाच हाताला लागत होती, जेवणं होईपर्यंत गेली नव्हती. 'आई, काचत होतं का?' तर म्हणे, 'छे गं, मऊ आहेत की चांगले.' शिवाय टाइल्सवर घसरल्या. ओटा हाताशी होता म्हणून निभावलं.

ऑनलाइन बघितलं तर डायबेटिक मोजे, बांबूचे, चांदीच्या धाग्याचे, तांब्याचे, बिनशिवणीचे, कॉम्प्रेशनचे. शंभरापासून हजारापर्यंत. मेडिकलवाला म्हणतो पाय सुजतात ना, मग व्हेरिकोजचे घट्ट मोजे न्या (संध्याकाळी घोटे सुजतात हे खरं आहे). जाणकारांनी सांगा, नेमकं काय बघून घ्यायचं? आणि जोडव्यांचं काय करू?


मिलिंद_ठाणे :

बांबूचे घ्या डोळे झाकून. बाबांना मी तेच आणतो. मऊ असतात, घाम टिपतात, वास येत नाही. बाबा खूश आहेत.


सिस्टर_अमरावती :

मिलिंदभाऊ, बाबांच्या पायाला समज असेल तर त्यांच्या खुशीला अर्थ आहे. या ताईंच्या सासूबाईंच्या खुशीला नाही. म्हणून डोळे झाकून नको, डोळे उघडे ठेवूनच घ्यावे लागतील.

मी निवृत्त नर्स आहे. नोकरीची सुरुवात कुष्ठरोगाच्या दवाखान्यात झाली, पुढची सगळी वर्षं मधुमेहाच्या पायांची ड्रेसिंग करण्यात गेली. रोग दोन, पण बधिर पाय दोन्हीकडे सारखाच वागतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांचे हातपाय दुरुस्त करत होते तेव्हा त्यांच्या हेच ध्यानात आलं, की बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय हळूहळू जातो. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला गेले आणि तिथून ही शिकवण मधुमेहाच्या पायांपर्यंत पोचली. आपल्याकडे मधुमेहाच्या पेशंटला एमसीआर रबराची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल लिहून देतात, तीही आधी कुष्ठरोग्यांच्या पायात होती.

तेव्हा ताई, तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कोणतं सांगू? 'मऊ आहेत की चांगले.' पायात खाच पडली आहे आणि बाई म्हणतात मऊ आहेत. बधिर पायाचा मोजा त्या पायाला विचारून घ्यायचाच नाही. तो तुमच्या हाताला आणि तुमच्या डोळ्यांना विचारून घ्यायचा.

आधी हात. मोजा उलटा करा आणि बोटांवरची शिवण आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून बघा. तुम्हाला टोचली तर आईंच्या बोटांना ती दिवसभर घासणार, आणि त्या सांगणार नाहीत. बिनशिवणीचा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर साधा सुती मोजा घ्या आणि उलटा घाला, शिवण बाहेर, आतून गुळगुळीत. हा माझा जुगाड नाही, मधुमेही पायांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही असंच सांगितलंय. आमच्या ओपीडीत बाया हसायच्या, 'सिस्टर, लोक म्हणतील ही येडी झाली.' मी म्हणायची, साडीखाली कोण पाहून राहिलं बाप्पा तुमचे मोजे!

मग डोळे. नवा मोजा घालून दोन-एक तासांनी काढा आणि उजेडात पाय बघा. विणीची बारीक नक्षी उमटते ती सगळ्यांचीच उमटते, तिचं काही नाही. पण वरच्या पट्टीची खाच बोटाला लागली, किंवा खाचेच्या वर पोटरी फुगून आली, तर तो मोजा बाद, कितीही महाग असो. बोटांच्या टोकांवर, करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, अंगठ्याच्या हाडावर लाली दिसली तरी बाद. आणि हे रोज करायचं. पाय वर घेऊन बघता येत नसेल तर खाली आरसा ठेवा, नाहीतर तुम्ही बघा. बोटांच्या बेचक्यातसुद्धा.

रंग पांढरा किंवा फिका. पांढरा मळतो म्हणून लोक काळा घेतात. अहो, मळावा म्हणूनच तर पांढरा! एका मास्तरांचा काळा मोजा धुवायला टाकताना त्यांच्या बायकोच्या हाताला पुठ्ठ्यासारखा कडक लागला. वाळलेलं रक्त होतं. चपलेचा खिळा वर आला होता आणि मास्तर त्यावर शाळेत जाऊन येत होते. पांढरा मोजा असता तर पहिल्याच संध्याकाळी दिसलं असतं.

कापडाचं भांडण करण्याआधी पाय घामट आहेत की कोरडे ते बघा. मधुमेहात घामाच्या नसाही बिघडतात, त्यामुळे बऱ्याच जणांचे पाय ठणठणीत कोरडे पडतात, टाचा फुटतात. ज्या पायाला घामच येत नाही त्याचा घाम बांबू काय टिपणार? अशा पायाला सुती मोजा पुष्कळ. मोज्याआधी टाचेला मलम लावा, व्हॅसलीन लावा, कोकणातलं कोणी असेल तर कोकमाचं तेल लावा, फक्त बोटांच्या बेचक्यात काही चोपडायचं नाही. पाय घामट असतील तर मात्र निव्वळ सुती मोजा ओला होऊन ओलाच राहतो आणि बेचक्यात चिखल्या होतात. तिथे बांबू, बारीक लोकर किंवा मिश्र धागा बरा. पावसाळ्यात सगळ्यांनीच दुपारी मोजे बदलावेत. अर्धवट वाळलेला मोजा घालण्यापेक्षा जास्तीचा जोड घ्या. चांदी-तांब्यासाठी जादा पैसे मोजू नका. वास कमी होईल कदाचित, पण त्याने जखम टळेल या भरवशावर राहू नका.

मेडिकलवाल्याचे घट्ट मोजे अजिबात नकोत, निदान आत्ता. आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. डॉपलर (रक्ताचा प्रवाह टिपणारं यंत्र) लावून घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. आकडा ०.९ च्या खाली आला तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्यात असं समजायचं. मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा खोटाच वाढून येतो, त्यामुळे १.३-१.४ च्या वर आला म्हणूनही पेढे वाटायचे नाहीत. अशा पायावर घट्ट मोजा चढवला तर उरलासुरला रक्तपुरवठाही अडतो. सुजेचं कारण वेगळं शोधा. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे का? त्या गोळीने पुष्कळ जणांचे घोटे सुजतात. किडनी, हृदय, तेही बघावं लागतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि एकच पाय सुजला, हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. आतली हाडं खचत असतात तेव्हा असं होतं, आणि लोक मुरगळलं म्हणून शेकत बसतात.

आता राहिलेलं महत्त्वाचं. मोजा म्हणजे पादत्राण नाही. नुसत्या मोज्यांवर घरात फिरणं म्हणजे अनवाणी फिरण्यासारखंच, वर घसरायची भीती. टाचणी मोज्यातून आरपार जाते. घरातली म्हणून वेगळी, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, जी उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

जोडवी काढा. ओढू नका, साबण लावून झटापट करू नका, सोनाराकडे नेऊन कापून घ्या. सुजलेल्या बोटात रुतलेली जोडवी शेजारच्या बोटाला दाबतात, त्यांची उघडी टोकं मोज्यात अडकतात. यावरून मी वऱ्हाडातल्या बायांशी जेवढं भांडले तेवढं साखरेवरून नाही भांडले. नवऱ्यासाठी घालता ना? मग नवऱ्यालाच विचारा त्याला काय पाहिजे.


लालडबा :

सिस्टर म्हणतात ते बधिर पायाचं झालं. माझं उलटं आहे, म्हणून लिहितो, कोणाच्या तरी कामी येईल.

मी एसटीत ड्रायव्हर होतो, रातराणीवर. पाय भाजल्यासारखे व्हायचे, मी समजायचो इंजिनाची धग. रिटायर झालो, इंजिन गेलं, धग राहिली. रात्री पांघरूण तळव्याला नुसतं लागलं तरी उठून बसायचो. साखर तपासली तर ही मोठी. डॉक्टर म्हणाले नसांचं आहे, त्याची वेगळी गोळी दिली. तिने बराच आराम पडला, पण मोज्यांचा प्रश्न राहिलाच.

दुकानदार सगळे मऊ मऊ म्हणून आतून टॉवेलसारखे फुललेले जाड मोजे गळ्यात मारतात. मला तेच सहन होत नाहीत. चालताना ते आत सरकतात, आणि ज्याच्या पायाची आग होते त्याला दाबण्यापेक्षा हे सरकणं जास्त छळतं. सैल मोजाही तसाच. मला जमला तो पातळ, सपाट विणीचा, पायाला लागून बसणारा पण न काचणारा, आणि तोही उलटा घालून. धुताना पावडर निघेपर्यंत खळबळायचा, नाहीतर वाळल्यावर खरखरतो. घालण्याआधी दोन्ही हातांनी चोळून मऊ करतो. घरच्यांना हसू येतं, येऊ दे.

रात्रीसाठी उपाय सांगतो, फुकटातला. नातवाच्या बुटाचं रिकामं खोकं पायांशी ठेवतो आणि पांघरूण त्याच्यावरून घेतो. पायाला काही लागतच नाही. बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसायची खोड होती, ती डॉक्टरांनी मोडली. गारठ्यानेही कातडी जळते म्हणे, आणि आपल्याला कळत नाही.

कळत नाही यावरून आठवलं. आग होते म्हणजे पायाला समज आहे, असं मी धरून चाललो होतो. शेतात गेलो, बाभळीचा काटा चपलेतून तळव्यात मोडला, आणि मला पत्ता नाही. सुनेने लादीवर रक्ताचे ठिपके पाहिले तेव्हा समजलं. ज्या पायाला चादर सहन होत नाही त्याच पायाला काटा कळत नाही, आता बोला!


रविवार_पेठ :

होजिअरीच्या धंद्यात केस पांढरे झाले, तेव्हा मालाचं थोडं सांगतो. बाकी सिस्टरांनी सांगितलंच आहे.

मोजा गोल मशीनवर नळीसारखा विणत येतो आणि बोटांकडचं तोंड उघडं राहतं. ते बंद कसं केलं यावर सगळं आहे. स्वस्त मालात सरळ ओव्हरलॉक मारतात, आत दोरीसारखा कंगोरा राहतो. त्याच्यावर रोसोची शिवण, जरा चपटी. सगळ्यात चांगलं लिंकिंग, म्हणजे इकडच्या टाक्यात तिकडचा टाका ओवून जोडतात, बोट फिरवलं तर कळतही नाही जोड कुठे आहे ते. पाकिटावर 'सीमलेस' छापायला पैसे पडत नाहीत. पाकीट उघडून आत बोट घाला. दुकानदार उघडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा, तिथेही मोजेच मिळतात.

'डायबेटिक' मोज्याचं खरं काम वरच्या पट्टीत असतं. नेहमीच्या मोज्याला दुमडून आत रबराचा धागा घातलेला असतो, सगळा ताण बोटभर रुंदीत, म्हणून काचतो. चांगल्या मालात रबर कमी आणि रिबची वीण उंचपर्यंत नेलेली, म्हणजे ताण वाटला जातो. हाताने ताणून बघा, सहज रुंद व्हायला हवी आणि सोडली की हळू मागे यायला हवी. गिऱ्हाइकं घरी जाऊन पट्टीला कात्रीने चीर देतात. तसं करू नका, धागे सुटून आत जातात आणि बोटाभोवती गुंडाळतात. घोट्याखालचे आखूड मोजेही नकोत, चालता चालता टाचेखाली जाऊन गोळा होतात.

'१०० टक्के कॉटन' हे ऐकून सोडून द्या. निव्वळ सुताचा मोजा पायावर उभाच राहणार नाही, नायलॉन आणि लायक्रा घालावंच लागतं. मागे ७०-८० टक्के सूत लिहिलं असेल तर त्याला सुतीच म्हणायचं. सुयांचा आकडा कोणी सांगितला, १४४, १६८, २००, तर एवढंच लक्षात ठेवा की सुया जास्त तितकी वीण बारीक. लालडबा काकांना जो पातळ सपाट मोजा मानवला तो जास्त सुयांचा असणार.

ताई, तुमच्या सासूबाईंचं पाऊल लहान असेल तर 'फ्री साइज'च्या वाटेला जाऊ नका. टाचेची पिशवी घोट्याच्या मागे चढते आणि तळव्याखाली चुण्या पडतात. शाळेचे पांढरे मोजे नंबरावर मिळतात. कागदावर उभं करून पाऊल पेन्सिलीने आखा, तो कागद घेऊन दुकानात जा. जूनमध्ये गेलात तर सगळे नंबर मिळतील, नंतर शिल्लक राहील ते. फक्त शाळेच्या मोज्याची पट्टी घट्ट असते, ताणून बघितल्याशिवाय घेऊ नका.

अंगठा वेगळा असलेले मोजे चप्पलवाल्या बायका हमखास मागतात. मी विकतोही. पण त्याची एक शिवण नेमकी अंगठ्याच्या बेचक्यात येते आणि तिच्यावर चपलेचा अंगठा बसतो. ज्या पायाला कळत नाही त्या पायाला हा माल मी देणार नाही. चप्पलच बदला. आणि खाली रबराचे ठिपके असलेले मोजे रात्री बाथरूमपर्यंत जायला ठीक, पण तेच चपलेत घातले तर ठिपके तळव्याला रुततात.


एडिसनकर :

इथे अमेरिकेत वडील आमच्याकडे असतात. ६५ च्या पुढच्यांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, मधुमेहाने पाय बिघडलेल्यांना डॉक्टरांच्या शिफारशीवर वर्षाला एक जोड खोल बूट आणि आत घालायच्या गाद्यांचे तीन जोड मिळू शकतात. मोजे नाहीत, ते आपल्या खिशातून. बूट मोजून देणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'मोजे कुठे आहेत?' बाबा अनवाणी मापाला बसले होते. त्यांनी परत पाठवलं. रोजचा मोजा घालून, तेही दुपारनंतर या, म्हणाल्या, सकाळचं माप संध्याकाळी आवळतं. जाड मोजा घ्यायचा असेल तर आधी मोजा, मग चप्पल-बूट, एवढं भारतातही करता येईल.


कऱ्हाडकरीण :

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं उत्तर मी आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरांच्या मोज्यापाशी आल्यावर त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली.

जोडव्यांचं अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, 'माझं आयुष्य बीपीच्या गोळीवर चाललंय, जोडव्यांवर नाही. कापून आणा.' आई दिवसभर बोलल्या नाहीत त्यांच्याशी, पण संध्याकाळी आल्या सोनाराकडे. उजव्या पायाचं सहज निघालं. डाव्याचं कापल्यावर खाली कातडी पांढरीफटक, भिजल्यासारखी, आणि बोटाच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर. रक्त नाही. आईंना अर्थातच काही माहीत नव्हतं. घरी आल्यावर त्या हळद लावायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. बरोबर केलं ना?

मोजे शाळेच्या दुकानातून घेतले, पाऊल आखून नेलं होतं. दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, असं कोणी करत नाही पण करायला पाहिजे. सध्या उलटे घालतोय. वळ उठला पण खाच नाही. घोटे सुजण्याचं विचारलं तर अ‍ॅम्लोडिपिन आहेच चिठ्ठीत, डॉक्टरांना फोन करणार आहे.

अजून दोन अडचणी. आई फाटलेलं काही टाकत नाहीत, मोज्याला भोक पडलं तर रफू करणारच, आणि त्यांचं रफू सुंदर असतं. आणि घरातल्या चपलेला तयार झाल्या, पण देवघरात नाही म्हणजे नाही. काय करावं?


सिस्टर_अमरावती :

हळद लावू दिली नाही हे फार चांगलं केलं. उद्या सकाळी पहिलं काम, ती चीर डॉक्टरांना दाखवा. नखाएवढी आहे, रक्त नाही, दुखत नाही, यातलं काहीही थांबायचं कारण नाही. तोवर स्वच्छ पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करा, घासू नका, वर स्वच्छ कोरडी गॉज ठेवा. चिकटपट्टी थेट कातडीवर लावू नका, काढताना साल निघते. बोटांच्या मध्ये कापूस कोंबू नका. त्या पायात सध्या मोजा घातलात तर दिवसातून दोनदा काढून बघा, डाग पडलाय का.

रफू सुंदर असलं तरी नको. रफूच्या जागी गाठ येते आणि ती टाचेखाली नाहीतर अंगठ्यावरच येते, कारण भोक तिथेच पडतं. भोक पडलेले मोजे पुसायला घ्या, उशीत भरा, आईंना सांगा वाया जात नाहीत. आणि भोक सारखं एकाच जागी पडत असेल तर त्या जागी पायावर दाब येतोय, घट्टा आहे का बघा. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापायचा नाही, मेडिकलमधली कुरुपाची पट्टीही लावायची नाही. त्यात ॲसिड असतं.

देवघराचं मी समजू शकते, आमच्याकडेही तेच आहे. चप्पल देवघराच्या दाराशी काढू द्या, पण आत मोजे घालूनच जायचं, फरशीवर सतरंजी घालायची म्हणजे घसरणार नाहीत, आणि पूजा पाटावर किंवा खुर्चीत बसून. मोजा इथे सुतीच हवा, नायलॉन जास्त असलेला ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतो. मी ड्रेसिंग केलेल्या भाजण्यांपैकी कितीतरी देवघरातल्या होत्या : उदबत्तीचा निखारा पायावर पडला, निरांजन पायाशी ठेवलं. उदबत्तीचं घर पायांपासून लांब, उंचावर ठेवा. दुपारी तापलेल्या दगडी आवारात देवळात जायचं असेल तर ते मात्र बंद. मोज्यानेही तिथे निभाव लागत नाही. जायचंच तर पहाटे.

सडा त्यांनाच घालायचा असेल तर घालू द्या, पण पट्ट्याच्या चपलेत, आणि चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. खडा, रांगोळीची कणी, मुलांचं काहीतरी, काय असेल सांगता येत नाही. ओले मोजे आत आल्याबरोबर बदला, बोटांची बेचकी टिपून. रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी देत असाल तर आजपासून बंद. पाय गार पडतात म्हणाल्या तर सैल मोजे घालून झोपू द्या. जुनं घर असेल तर उंदीर आहेत का तेही बघा. बधिर बोट रात्री उंदराने कुरतडलं आणि सकाळी पांघरूण पाहून कळलं, असे पेशंट मी पाहिले आहेत.


कऱ्हाडकरीण :

घर जुनंच आहे, माळा आहे, आणि माळ्यावर उंदीर आहेत. अण्णांना आत्ताच पिंजरा लावायला सांगितलं. उद्या साडेनऊचा नंबर मिळालाय, डॉक्टर चिरेबद्दल काय म्हणतात ते इथेच लिहीन.